काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी

९ जानेवारी

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातली रविवारची एक दुपार आठवते. स्वयंपाकघरातल्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. ह्यांच्या मांडीवर एक बूट, माझ्या मांडीवर दुसरा. बुटाच्या खिळ्यांत सुकलेला चिखल मी विणायच्या सुईने उकरत होते आणि हे कुरकुरत होते, की सुई वाकेल, मग माझ्या स्वेटरची बाही आखूड होईल. मी म्हटलं, "झाली आखूड तर तेवढा हात कापू." त्यावर हे इतके हसले की बूट घरंगळत टेबलाखाली गेला. बाकी त्या दुपारी काही घडलं नाही. हे तेव्हा फुटबॉलमधले देशातले सगळ्यात दांडगे बचावपटू होते, वर्तमानपत्रात फोटो यायचे, आणि तो फोटो पायाखाली पसरून आम्ही चिखल काढत होतो.

आज बुटानेच घात केला. सलग चौथा सामना हरल्यावर ह्यांनी ड्रेसिंग रूममध्ये बूट फेकला तो कॅप्टनच्या भुवईवर बसला. चार टाके पडले. कॅप्टनच ह्यांना गाडीतून घरी घेऊन आला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने हसतोय.

"काही नाही काकू, कपाटाचं दार लागलं."

"दाराला खिळे असतात का रे?"

"आमच्या कपाटाला असतात," म्हणाला.

अजून दहा सामने उरलेत. शेवटच्या दोघांत राहिलो तर संघ खालच्या गटात जाणार, आणि अध्यक्षांनी सांगून टाकलंय की मग मॅनेजर बदलणार. मैदान सुटलं तर हे जगायचे नाहीत. मला दुसरी कसली भीती नाही.

१४ जानेवारी

सामन्याची सकाळ. अकरा चिठ्ठ्या लिहून झाल्या.

ही पद्धत माझीच. ह्यांचा गुडघा मोडला आणि हे खेळाडूचे मॅनेजर झाले, तेव्हा पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की हे खोलीत जे सांगतात ते पोरं मैदानावर जाईपर्यंत विसरतात. ह्यांना लिहायचा कंटाळा. खरं म्हणजे अक्षराची लाज वाटते, शाळा लवकर सुटली. माझं अक्षर कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टीने बोटं सुजवून घडवलेलं. म्हणून सकाळी हे येरझाऱ्या घालत बोलतात, मी कच्च्या वहीत जसंच्या तसं उतरवते, मग एकेका खेळाडूसाठी पक्की चिठ्ठी लिहिते. खेळाडू ती घडी करून उजव्या मोज्यात ठेवतो. सामना संपला की सगळ्या चिठ्ठ्या बादलीभर पाण्यात बुडवायच्या, म्हणजे दुसऱ्या संघाच्या हाती लागत नाहीत. एका हंगामाला एक वही. ही एकोणतिसावी.

कच्चं आणि पक्कं ह्यात थोडा फरक पडतो. आज हे म्हणाले, "त्या गाढवाला लिही, परत चेंडू मागे दिलास तर तंगडी उपटून हातात देईन." मी लिहिलं, "चेंडू आला की आधी पुढे बघ. तुला जमतं." अर्थ तोच, नाही का?

२२ जानेवारी

परवा पुन्हा हरलो. ह्यांनी गोलरक्षकाला गळा धरून भिंतीला लावलं, त्याचे पाय जमिनीवरून सुटले होते. दोघांनी मिळून सोडवलं. मी बाहेर बाकावर बसले होते. भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज मला भांडं पडल्यासारखा वाटला.

गाडीत म्हणाले, "कोल्ह्याला मोकळं कुणी सोडलं?"

ज्याने ह्यांचा डावा गुडघा मोडला, त्याला सगळे कोल्हा म्हणत. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. बातमी मीच वाचून दाखवली होती. मी हळूच तसं म्हटलं. थकलेत फार, रात्रीची झोप नाही.

उजव्या कानात दोन दिवस गुणगुण आहे. हे गाडी चालवत असताना मी बोलू नये, माझंच चुकलं.

२९ जानेवारी

क्लबचे डॉक्टर घरी आले, ह्यांचा रक्तदाब बघायचं निमित्त काढून. ह्यांना आजचा वार विचारला, आधीच्या सामन्यातला गोल कुणी केला ते विचारलं. हे भडकले. "माझी परीक्षा घेतोस? तू औषधं दे." डोक्याने चेंडू मारून मारून ह्या वयात काही जणांना त्रास होतो, असं काहीतरी डॉक्टर सांगत होते, तेवढ्यात हे उठून बाहेर गेले.

मग त्यांनी माझा कान तपासला. पडदा फाटलाय म्हणाले.

"कसं झालं?"

"जिन्यावरून पडले."

त्यांनी दिवा बंद करून खिशात ठेवला. "काकू, तुमच्या घराला जिना नाही."

"बहिणीकडे पडले," मी म्हटलं. धाकटीकडे जिना आहे. तिच्याकडे जाऊन मला दोन वर्षं झाली, पण ते त्यांना काय माहीत.

५ फेब्रुवारी

कोण कुठे काय बोलेल सांगता येत नाही. सरावाच्या वेळी ह्यांनी सगळ्यांसमोर एकाला शिवी घातली, तर तो डाव्या बगलेला खेळणारा लाडका, ज्याला पोरं 'जावई' म्हणतात, हसून म्हणाला, "साहेबांच्या शिव्या फक्त तोंडी लावायला. जेवण काकूंच्या चिठ्ठीत असतं."

हे घरी आले ते बूट न काढता. माझ्याकडे कच्ची वही मागितली. गेल्या सामन्याची, बादलीत न टाकलेली एक चिठ्ठी जावयाच्या खिशातून काढून आणली होती, ती शेजारी ठेवली.

"वाच. आधी हे, मग ते."

मी वाचलं. एक ओळ वहीतली, एक चिठ्ठीतली.

"म्हणजे एकोणतीस वर्षं माझा संघ तू चालवतेस."

"तसं नाही हो, मी फक्त..."

लेखणीसाठी मी टेबलाचा खण उघडला होता, डावा हात आत होता. ह्यांनी खण गुडघ्याने लावला. मग पुन्हा लावला. तीन बोटं मोडली, करंगळीचं नख निघून खणातच राहिलं. उजवा हात मात्र राखला, कारण उद्या चिठ्ठ्या लिहायच्या आहेत. एवढ्या रागातही त्यांनी एवढा विचार केला.

नंतर ह्यांनीच बर्फ आणला. हात मांडीवर घेऊन बसले आणि विचारलं, "कसं लागलं गं?"

६ फेब्रुवारी, सकाळी

आज हे माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. कच्ची वही नाही, थेट चिठ्ठी. म्हणाले तेच, शब्दाला शब्द.

दहा चिठ्ठ्या झाल्या. शिव्या लिहायची सवय नाही, एका शब्दाला काना द्यायचा की नाही तेही ठाऊक नव्हतं. अकरावी कॅप्टनची.

"नऊ नंबर. डावा गुडघा. पहिल्या वीस मिनिटांत. परत उभा राहता कामा नये."

मी थांबले. समोरच्या संघातला नऊ नंबर बावीस-तेवीस वर्षांचा, ह्या हंगामात सगळ्यात जास्त गोल त्याचे. मी विचारलं, "गुडघा म्हणजे?"

"कोल्ह्याचा गुडघा. लिही." ह्यांचा तळवा माझ्या मानेवर होता, ऊबदार, जड. "आणि अक्षर नीट काढ."

मी नीट काढलं. मनात म्हटलं, कॅप्टन शहाणा आहे, पाच वर्षं ओळखतो. वाचून हसेल आणि समजून जाईल की आज काहीतरी बिनसलंय.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी

सामना सुरू व्हायच्या आधी कॅप्टनने मोज्यातून चिठ्ठी काढली. वाचली. पुन्हा वाचली. मग मान वर करून मी बसते तिथे बघितलं. मला वाटलं, विचारतोय. मी हात वर करणार होते, पण डाव्याला पट्टी होती आणि उजव्यात ह्यांचा कोट. त्याने होकारार्थी मान हलवली, मोठ्या माणसांनी काही सांगितलं की आपण हलवतो तशी.

सतराव्या मिनिटाला नऊ नंबर चेंडू घेऊन वळला. कॅप्टन दहा पावलं धावत आला आणि दोन्ही पायांनी उडी घेतली. आवाज वरपर्यंत आला. ओली फळी मोडल्यासारखा, आणि लगेच दुसरा, बारीक. त्या मुलाचा पाय गुडघ्यातून उलटा, समोरच्या बाजूला दुमडला होता. हाड मोज्याच्या वर आलं होतं. रक्त थेंबाने नाही, धारेने, नाडीबरोबर उसळत होतं. त्याचाच एक सोबती वाकून ओकला. तो मुलगा ओरडत नव्हता. कोपरांवर टेकून, दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसा त्या पायाकडे बघत होता.

रेफरीने लाल कार्ड काढायच्या आत माणसं कुंपण ओलांडून आली. कॅप्टन पळाला नाही. एकाने त्याला कोपऱ्यातल्या झेंड्याच्या काठीने तोंडावर मारलं, मग तो खाली पडला आणि मला फक्त पाठी दिसत राहिल्या, वर-खाली होणारे बूट दिसत राहिले. पोलिसांनी ओढून काढला तेव्हा त्याचा जबडा एका बाजूला लोंबत होता.

हे रेषेजवळ उभे होते. खिशात हात, चेहरा शांत. कित्येक महिन्यांत इतका शांत चेहरा बघितला नव्हता.

८ फेब्रुवारी

गुडघ्यामागची रक्तवाहिनी तुटली होती. काल त्या मुलाचा पाय मांडीपासून कापला.

कॅप्टन पोलिसांच्या ताब्यात, इस्पितळातल्या पहाऱ्याच्या खोलीत. त्याची चिठ्ठी बादलीत गेली नाही. मोजा कापून काढताना सापडली.

आमच्या पुढच्या तिन्ही खिडक्या फुटल्या. बैठकीत दगड पडलेत, एक दगड नारळाएवढा. हे काचांतून अनवाणी चालत आले, पायाला चिरा पडल्या त्याचं भान नाही, आणि खुर्चीवर बसून म्हणाले, "कॅप्टन सरावाला का नाही आला आज? त्याला फोन कर. आळस चढलाय."

मला धीर यावा म्हणून असं बोलत असतील.

११ फेब्रुवारी

अध्यक्ष आणि क्लबचे वकील आले. फुटलेल्या खिडक्यांना पुठ्ठे लावलेत, त्यामुळे दुपारीच दिवा लावून बसावं लागलं.

वकील गोड बोलतात. "चिठ्ठीवर साहेबांची सही नाही, क्लबचा शिक्का नाही. बाईमाणसाचं अक्षर. कुणाही बाईचं असू शकतं. कॅप्टनने स्वतःच्या डोक्याने केलं, असं आमचं म्हणणं राहील."

"त्याला काय होईल?" मी विचारलं.

"सात वर्षं. चांगला वागला तर पाच."

"त्याची बायको दिवसांत आहे."

"वाईट वाटतं, काकू," अध्यक्ष म्हणाले. "पण साहेबांचं नाव आलं तर ह्या वयात साहेब आत. तिथे चार दिवस तरी निघतील का त्यांचे?"

वकिलांनी ह्यांना विचारलं, "तुम्ही सांगितलं होतंत?"

हे माझ्याकडे वळले. "मी असलं कधी सांगेन का गं?" डोळे अगदी स्वच्छ होते. बूट टेबलाखाली गेला तेव्हा असेच होते.

मी म्हटलं, "चहा आणते."

जाताना वकिलांनी वह्यांचं विचारलं. जावई त्यांच्याकडे बोललाय. "जाळून टाका. उन्हाळ्याआधी रद्दी काढतोच ना आपण."

१२ फेब्रुवारी

कॅप्टनला भेटायला त्याच्या बायकोसोबत गेले. दारातला शिपाई माझी पिशवी तपासत होता तेव्हा ती पुढे होऊन म्हणाली, "लवकर या, दहाच मिनिटं देतात." जबडा तारांनी बांधलाय, तो दातांतून बोलतो. कान नेऊन ऐकावं लागतं, तोही डावा.

"का केलंस रे?"

"तुम्ही लिहिलंत."

"अरे, पण तू मला ओळखतोस. मी असं लिहीन का?"

त्याने थुंकी गिळली. "म्हणूनच केलं. साहेबांच्या बोलण्यात तुम्ही पाणी घालता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांनी तोंडाने सांगितलं असतं तर हसलो असतो. पण मला वाटलं, पाणी घालूनही एवढं उरलंय, म्हणजे करायलाच हवं. वर बघितलं तर तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

त्याची बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती म्हणाली, "ह्यांनी तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवल्यात. बादलीत नुसता कोरा कागद टाकून यायचे. कळलं तेव्हा मी हसले होते."

घरी येऊन हात धुतले. एका हाताने धुता येत नाही.

१५ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, ह्यांचं दुखणं किती वर्षं चाललंय ते दाखवता आलं तर न्यायाधीश ह्यांना तुरुंगाऐवजी इस्पितळात ठेवतील, आणि कॅप्टनची शिक्षाही हलकी होईल. मला एकदम बरं वाटलं. म्हणजे दोघंही वाचतात. फक्त वह्यांत ते पान शोधायचं, जिथून ह्यांचं बोलणं बदललं.

तीन दिवस वाचतेय, शेवटच्या वहीपासून मागे. हे सरावाला म्हणून निघतात आणि मैदानाच्या बंद फाटकापाशी बसून परत येतात, तेवढा वेळ मिळतो.

सव्विसाव्या वहीत आहे. विसाव्यात आहे. "मान धरून चिखलात घाल." बाराव्यात, जेव्हा आम्ही चषक जिंकलो आणि लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं, त्या दिवशीच्या पानावर आहे, "त्याचे दात मोजून आण." मी चिठ्ठीत लिहिलं असेल, "त्याच्या जवळ राहा." मग पहिली वही काढली. चौथं पान. माझं तरुण अक्षर, सरळ, सिस्टरांना आवडलं असतं असं. "गुडघा. परत उभा राहता कामा नये."

समासात मी बारीक लिहून ठेवलंय, "सांभाळून अडव."

तेव्हा हे तेहतीस वर्षांचे होते. दुखणं कुठलं? नुकताच स्वतःचा पाय मोडला होता, चिडलेले असणार. तरुण माणसं बोलतात तसं.

ते पान सापडलं नाही, असं डॉक्टरांना सांगायला हवं. इथून बदललं असं म्हणता येईल असं एकही पान नाही.

१७ फेब्रुवारी

हे फाटकावरून लवकर परत आले. वह्या फरशीवर मांडलेल्या होत्या. ह्यांना वाचायला वेळ लागतो, ओठ हलवत वाचतात. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मग एकोणतिसावी वही उचलून चुलीवर धरली. मी ती पेटलेली ओढली. त्यांनी मला केसांना धरून ओट्यावर आपटलं, डाव्या बरगडीत काहीतरी तुटल्याचं मीच ऐकलं. पाडून छातीवर गुडघा ठेवला आणि दोन्ही हातांनी गळा दाबला. "कोल्ह्या," म्हणत होते, "कोल्ह्या, आता ऊठ. ऊठ बघू." डोळ्यांपुढे काळं झालं. हाताला लागलं ते मी ह्यांच्या डोक्यावर मारलं. तवा होता. मी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. दुसऱ्यांदाही मारला.

हे बसून राहिले. कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं तसे डोळे मिचकावत म्हणाले, "अगं, चूल पेटती आहे."

मी चूल विझवली. जखम धुतली. वह्या जर्सी धुवायच्या पिशवीत भरल्या आणि धोब्याची गाडी आली तेव्हा त्याच्या हाती दिल्या. त्याने माझ्या गळ्याकडे बघितलं. "काकू, पत्ता?" मी धाकटीचा सांगितला. "पिशवी जड आहे." "मळ फार आहे," मी म्हटलं.

वकिलांना फोन करून कळवलं की उद्या सकाळी मी न्यायालयात जाणार आहे, कॅप्टनच्या बाजूने. ते म्हणाले, "साहेबांना सांगितलंत?"

सांगितलं. हे म्हणाले, "बरं. डबा देऊन जा."

१८ फेब्रुवारी

धाकटीसाठी. साडेनऊला डॉक्टरांची गाडी येईल, मला न्यायालयात सोडेल. ह्यांना न्यायला इस्पितळातून दोन माणसं अकराला येणार आहेत. मधला दीड तास हे घरात एकटे असतील. ते मला आवडत नाही, म्हणून कदाचित मी अकरापर्यंत थांबेन आणि मग जाईन. उशीर झाला किंवा माझं येणं झालंच नाही, तर पुढचं तू कर.

एकोणतीस वह्या न्यायाधीशांना. शेवटची अर्धी जळली आहे. कुठलीही वेगळी काढू नकोस, पहिलीसुद्धा नाही.

चषकाच्या वर्षीचं पदक आणि ह्यांची देशाच्या संघाची टोपी क्लबला नको. अध्यक्ष मागतील. जावयाला दे, त्याला सांग की माझा राग नाही.

माझ्या बांगड्या आणि आईची शिवणयंत्राची पेटी कॅप्टनच्या बायकोला. बाळाचे कपडे तिने स्वतः शिवावेत. ती घेणार नाही, दाराशी ठेवून ये.

ह्यांचे लोकरी मोजे आणि निळा स्वेटर ह्यांना नेतील तिथे पोचव. उजवा खांदा दुखतो, उशी दोन लागतात. चमचा हातात द्यावा लागतो, पण समोर बसून बघत राहिलं की चिडतात. तुझ्यावर हात उचलला तर परत जाऊ नकोस. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

ही दैनंदिनी डॉक्टरांना. कान, बोटं, बरगडी, गळा, चारही ह्यांनी केलं. आधीची आणखी आहेत, ती विचारली तर मी सांगेन.

नऊ नंबरच्या आईला काय द्यावं ते मला सुचलं नाही. तिने दार उघडलं तर हे शेवटचं पान फाडून दे. ह्यांनी सांगितलं, मी लिहिलं. अक्षर माझं आहे, आणि ह्यातलं मी काहीही कमी केलेलं नाही.